लोला उपेंगची पळी

लोला उपेंग वारली, ही बातमी लिझाला रविवारी सकाळी बेकरीत कळली. आता लोला उपेंगला मारणारं कुणी असलंच तर ती स्वतः लिझाच होती, पण तिला याचा पत्ताच नव्हता. ती आपली पिशवी पुढे करून गरम पावांची वाट बघत उभी होती.

बेकरीवालीने पाव बाजूला ठेवले, छातीवर क्रूस काढला आणि लिझाचे दोन्ही हात हातात घेतले.

"कधी गेली ग? आणि आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण गेली?"

"कोण काय विचारतेस! लोला!"

लोला उपेंग ही काही हाडामांसाची बाई नव्हे. मनिलाच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या रंगीत पानावर, लिझाच्या जन्माच्याही आधीपासून, एका घराची चित्रमालिका यायची. जीपनी, म्हणजे रंगवलेली प्रवासी जीप, चालवणारा कुलास, त्याची फटकळ बायको, तीन वांड कार्टी आणि बरोबर जेवणाच्या वेळेला उगवणारा एक फुकटा जावई. या सगळ्यांच्या डोक्यावर कुलासची आई, पोरांची लोला, म्हणजे आजी. घरात काहीही महाभारत घडो, शेवटच्या चौकटीत सगळे टेबलाभोवती बसलेले असत. टेबलाच्या टोकाला लोला उपेंग, डोक्याला पांढरा रुमाल, हातात उंच धरलेली पळी, आणि थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "या, जेवायला!"

एवढंच. पण या एवढ्यावर सगळा देश पोसला गेला म्हटलं तरी चालेल. जीपनीच्या मागच्या पत्र्यावर लोला रंगवलेली असायची. कुणी फार आग्रह करून वाढायला लागलं की लोक म्हणत, "पुरे ग उपेंग!" लग्नाच्या फोटोत नवरीची आई हटकून पळी उंचावून उभी राहायची. वाळवंटातल्या देशांत कामाला गेलेले लोक ते कात्रण पलंगाच्या वर चिकटवायचे आणि एकटे जेवताना त्याच्याकडे तोंड करून बसायचे. एका उमेदवाराने तर निवडणुकीत पळी घेऊन फोटो काढला होता आणि सपाटून पडला. लोक म्हणाले, याने कधी कुणाला शिळा भातसुद्धा घातलेला नाही आणि म्हणे पळी.

बेकरीवालीने वर्तमानपत्र पुढे केलं. लिझाने स्वतः काढलेलं चित्र पहिल्यांदाच परक्या नजरेने बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या उन्हाळ्यात वीज रोज जायची, म्हणून तिने चित्रही वीज गेल्याचंच काढलं होतं. अंधारात जावई भलत्याच्याच ताटात जेवतो, असा साधासा विनोद. शेवटच्या चौकटीत लोलाची खुर्ची रिकामी होती. लोला घरात नाही, तर घरचे तिचा वाटा राखून ठेवणारच, म्हणून तिच्या जागी भरलेलं ताट काढलं. आणि टेबलाचा तो कोपरा मोकळा मोकळा दिसत होता म्हणून मेणबत्ती नेमकी तिथेच ठेवली. रिकामी खुर्ची, भरलेलं ताट, शेजारी पेटती मेणबत्ती! गेलेल्या माणसाचं ताट असंच वाढतात, हे तिच्या पिला गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक लिझा तेवढी विसरली होती.

"वीज गेली होती हो," ती पुटपुटली.

"जाणारच," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "अशी माणसं जातात तेव्हा वीजसुद्धा जाते."

खुर्ची रिकामी का होती, ते मात्र लिझा कुणाला सांगू शकत नव्हती. लोला उपेंग तिला काढताच येत नव्हती.

मालिका तिच्या वडिलांची, तातायची. एल्पिदियो बाल्दोविनो, गावाचे पिद्योंगकाका. शेवटची काही वर्षं त्यांचे हात थरथरत, म्हणून चौकटी, अक्षरं, जीपनी, कार्टी, कोंबड्या, जावयाचं पोट, सगळं लिझाच काढायची. लोला तेवढी त्यांची. दर बुधवारी ते मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि तिला काढायचे, थेट शाईने. बुधवारी दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक म्हणजे स्वयंपाकघरातली पळी सापडायची नाही आणि नानायला, म्हणजे लिझाच्या आईला, कालवण कपाने वाढावं लागायचं. दुसरी म्हणजे नानाय हाका मारून मारून थकायची, "अहो, मासा निवतोय!" आणि आतून उत्तर यायचं, "आलो, आलो! यांची पंगत बसवतो आणि येतो." ते यायचे तेव्हा चिंचेच्या कालवणावर तवंग गोठलेला असायचा. उभ्या जन्मात त्या माणसाने बुधवारी गरम घास खाल्ला नाही.

गेल्या नोव्हेंबरात ते वारले. त्याच आठवड्यात वादळ आलं, तळं चढलं, रस्ते बुडाले. दफनाला बोटांवर मोजण्याइतकी माणसं. नऊ दिवसांची प्रार्थना तिसऱ्या दिवशी थांबली, कारण प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांच्याच घरात पाणी शिरलं. वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळी छापल्या. तातायने काढून ठेवलेल्या काही लोला होत्या, त्या कापून चिकटवून लिझाने ईस्टरपर्यंत निभावलं. मग त्या संपल्या. तिने स्वतः काढून पाहिली, तर लोला कधी पोस्टातल्या कारकुनासारखी दिसायची, कधी दात दुखत असल्यासारखी. जुनं चित्र पातळ कागदावर गिरवूनही पाहिलं. रेघ न रेघ तीच, पण बाई बघायची भलतीकडेच. शेवटी हात टेकून तिने खुर्ची रिकामी सोडली. वाटलं, दोन आठवडे कोणाच्या लक्षात येणार आहे!

सोमवारी संपादक दिमाकुलांगानचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मिस बाल्दोविनो, कमाल केलीत! काल सकाळपासून फोन थांबत नाहीये. एक बाई विचारत होती, फुलं कुठे पाठवायची?"

"सर, ती मेलेली नाही. वीज गेली म्हणून मेणबत्ती होती."

"नाही मेली? बरं. मग मला एक सांगा, तुम्हाला ती काढता येते का?"

लिझाने समोरची पोस्टातली लोला उलटी करून ठेवली.

"बघा, मी काही तुमचा वैरी नाही," तो जरा मऊ आवाजात म्हणाला. "तुमच्या वडिलांची उपेंग बघतच मी वाचायला शिकलो. म्हणूनच म्हणतो, चांगली अंत्ययात्रा काढा, अख्ख्या देशाला रडवा आणि थांबा. पंगतीतून वेळेवर उठावं माणसानं. पुढच्या बुधवारच्या बसने एक तर अंत्ययात्रा पाठवा, नाही तर लोलाचा चेहरा पाठवा. रिकामी खुर्ची आता पुन्हा नको."

तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदा तिला राग आला. संपादकाचा नाही, लोलाचा. बापाला चार ओळी आणि या शाईच्या म्हातारीला फुलं!

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फाटक वाजलं. काळे कपडे घातलेल्या सात-आठ बायका, हातात जपमाळा, आणि सगळ्यांच्या पुढे आलिंग चोलेंग, म्हणजे गावाची चोलेंगमावशी. पिलात कुणी गेलं की प्रार्थना चोलेंगच सांगणार. आवाज असा की तळ्याच्या पल्याडच्या कोळ्यानेही 'आमेन' म्हणावं.

"आलिंग चोलेंग, ऐका तरी. लोला जिवंत आहे."

"मग कुठे आहे?"

लिझाने फाटक अडवून धरलं.

"लाजू नको ग," चोलेंग आत शिरत म्हणाली. "नऊ दिवस नीट झाले पाहिजेत. नानायला म्हणावं, कॉफी टाक. फोटो कुठाय?"

"कसला फोटो? चित्राचा फोटो कुठून आणू?"

"फोटोशिवाय प्रार्थना म्हणजे पत्त्याशिवाय पार्सल. कुणाला पोचायचं ते!" चोलेंगने भिंतीवर नजर फिरवली, सरळ तातायचा फोटो खिळ्यावरून उतरवला आणि टेबलावर मेणबत्तीमागे ठेवला. "घरातल्या घरात चालतंय."

लिझाचा पारा चढला. "ज्याचा फोटो लावताय, त्याच्यासाठी आला असतात तर बरं झालं असतं! त्याच्या वेळी तिसऱ्या दिवशीच पळालात. आणि आता चित्रातल्या बाईसाठी काळे कपडे!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आलिंग चोलेंग टेबलासमोर बसली. तिने चष्मा लावला, माळेचा पहिला मणी धरला आणि सुरुवात केली. लिझा पाय आपटत मागच्या खोलीत निघून गेली, आणि नानायने चुलीवर कॉफी चढवली.

मग हे रोजचंच झालं. वीज गेली की बायका यायच्या, का बायका आल्या की वीज जायची, कोण जाणे. नानाय चिकट तांदळाचा गोड भात करी, शेवया करी, घरात माणसं आली म्हणून जरा खुशीतच होती. प्रार्थना संपली की गप्पा रंगत. एक म्हणे, लोला अगदी माझ्या सासूसारखी होती, फक्त प्रेमळ. दुसरी म्हणे, माझा मुलगा जहाजावर गेला तेव्हा मी वेड्यासारखी झाले होते, त्या रविवारी लोलाने कुलासला म्हटलं होतं, 'ताट झाकून ठेव, उशिरा येणाराही आपलाच', तेव्हा मी उठून भात टाकला. मागच्या खोलीत लिझा हे ऐकायची आणि अंत्ययात्रेची शवपेटी काढायची. शवपेटी उत्तम येत होती.

पुढच्या रविवारचं चित्र पहिल्याबरोबरच मनिलाला गेलेलं होतं. रंगीत पानं दोन-दोन आठवड्यांची एकदम छापत. त्यात काय होतं ते लिझा विसरलीच होती. कपाटाला वाळवी लागली म्हणून कुलासची बायको लोलाचे जुने कपडे बाहेर काढते आणि शेजारणीला देऊन टाकते! ते बघून पिलात ज्यांचा थोडा संशय उरला होता तोही फिटला. त्या संध्याकाळी पाद्रीबाबाही येऊन बसले आणि दोन ताटल्या शेवया खाऊन गेले.

नवव्या दिवशी नानायने सकाळपासून रांधलं. संध्याकाळ होता होता वीज गेलीच. प्रार्थना सुरू होण्याआधी नानायने डोक्याचा रुमाल सोडला, तातायच्या फोटोची काच पुसली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून रुमाल फोटोच्याच डोक्यावर टाकून आत गेली. लिझा आज दारात येऊन उभी राहिली होती. शेवटचा दिवस, तेवढी तरी रीत पाळावी. आलिंग चोलेंग खड्या आवाजात म्हणत होती, बायका मागून घोळत होत्या. लिझाने सहज फोटोकडे पाहिलं.

मेणबत्तीच्या उजेडात, डोक्याला पांढरा रुमाल, तेच पसरट नाक, तेच गालांवर चढलेलं हसू. टेबलावरून लोला उपेंग थेट तिच्या डोळ्यांत बघत होती.

लिझा हसली. साधीसुधी नाही, फस्सकन हसली, आणि भर प्रार्थनेत तिला ते आवरेना. एकीने वळून पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि तिचाही मणी हातातून सुटला. बघता बघता सगळी ओळ तोंडाला रुमाल लावून हलायला लागली. आलिंग चोलेंगने तेवढी शेवटच्या आमेनपर्यंत मान वर केली नाही. मग चष्मा काढून फोटो नीट न्याहाळला. "अरे देवा," ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं लोला माझ्या आईसारखी दिसते म्हणत होते, तो पिद्योंगच!"

लिझा धावत आत गेली. "नानाय! ताताय लोलाला कुणावरून काढायचे?"

"कुणावरून म्हणजे? स्वतःवरून." नानायने शेवया ढवळणं थांबवलं नाही. "तो खोलीतला आरसा कशाला होता वाटलं तुला?"

"दाढीसाठी!"

"बुधवारी दार लावून दाढी? एकदा मी आत गेले तर हा माणूस माझा रुमाल डोक्याला बांधून, माझी पळी हातात धरून आरशाकडे बघून म्हणतोय, 'या, जेवायला!' मी म्हटलं, माते, काय माझ्या नशिबी आलं! त्यानं मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस, गावातले पुरुष हसतील."

"पण मला तरी सांगायचं! मी इथे महिनोन्महिने..."

"तू विचारलंस कधी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लिझा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. हसता हसता केव्हा रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. आलिंग चोलेंग मागून आली आणि तिच्या शेजारी, गुडघे कुरकुरत, खाली बसली.

"तू पहिल्या दिवशी बोललीस ते खरं होतं," ती म्हणाली. "आम्ही तिसऱ्या दिवशी पळालो. पाणी कमरेला लागलं होतं ग. पण ते सहा दिवस माझ्या अंगावर राहिले. नुसतं उठून कसं यायचं, इतक्या महिन्यांनी? काय तोंडाने? मग तू ती मेणबत्ती काढलीस."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? लोला मेलेली नाही ते?"

"मला काय खुळी समजतेस? चित्रातली बाई कुठे मरते!" चोलेंगने तिच्या पाठीवर धपाटा घातला. "आता पुसून टाक डोळे. शेवया निवताहेत."

बुधवारी सकाळी लिझाने शवपेटी फाडून टाकली. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. तातायचा आरसा पुसला, नानायचा रुमाल डोक्याला बांधला आणि पळी उंच धरली. आरशात एक ओशाळलेली, पोक्त बाई दिसत होती. नाक मात्र बापाचं होतं.

"या, जेवायला," ती हळूच म्हणाली. बाई अजून पोस्टातलीच वाटत होती. दुसऱ्यांदा ती जरा मोठ्याने म्हणाली. मग तिला आठवलं की हे नुसतं म्हणायचं नसतं, कुणालातरी म्हणायचं असतं. ज्याच्यासाठी जीव तुटतो अशा कुणालातरी. तिने आरशातून मागे, तातायच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि म्हटलं. चेहरा आपोआप झाला. तिने शाईचा टाक उचलला.

बाहेर भांडी वाजत होती. "लिझा, ताटं वाढलीत! मासा निवतोय!"

"आले, आले! यांची पंगत बसवते आणि येते!"

मग नानायचा आवाज, वैतागलेला. "आणि माझी पळी कुठे गेली? आत्ता इथे तर..."

आवाज मध्येच थांबला. नंतर कप कालवणात बुडवल्याचा आवाज आला.

चित्र दुपारच्या बसने गेलं. संपादकाचा फोन आला तो एवढंच विचारायला की पुढची जोडी कधी मिळेल, आणि ते विचारताना त्याचं नाक चोंदलेलं वाटत होतं.

रविवारी नानायने चष्मा लावून पान टेबलावर पसरलं. चित्रात पुन्हा वीज गेलेली. मेणबत्ती, भरलेलं ताट, रिकामी खुर्ची, आणि गंभीर तोंडाने बसलेलं सगळं घर. दार उघडतं आणि लोला उपेंग आत येते, कानामागे टाक खोवलेल्या एका म्हाताऱ्याचा हात धरून. कुलास किंचाळतो, "आई! आम्ही तुझे नऊ दिवससुद्धा घातले!" लोला म्हणते, "घातलेत ना? मग भूक लागली असेल. सरका जरा. इतकी वर्षं हा बाहेर उभा राहून आपली ताटं वाढतोय, आणि एकालाही याला बस म्हणावंसं वाटलं नाही. शेवटी मीच गेले आणायला."

शेवटच्या चौकटीत म्हातारा लोलाच्या खुर्चीत बसला होता. लोला शेजारी उभी, पळी उंचावलेली. आजवर ती वाचणाऱ्याकडे बघत आली होती. आज ती त्याच्याकडे बघत होती. "या, जेवायला."

नानायने पान जवळ ओढलं. म्हाताऱ्याच्या ताटातून लिझाने तीन नागमोडी रेघा वर जाताना काढल्या होत्या. नानायने त्या रेघांवर बोट ठेवलं, भाजेल की काय अशा बेताने.

"ही वाफ आहे ना ग?"

"हो, नानाय."

नानायने चष्मा काढला. "चला," ती म्हणाली, "तुझा बाप एकदाचा गरम जेवला."